एकदा विचारलं तर बोलू नये

धार
ता. ५ जुलै १९५३

चि. सुमंगला हिला उदाजी आजोबांचा आशीर्वाद.

आधी खुशाली, मग ज्ञान. तुझ्या भवानी आत्याचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, एरंडाचं तेल कोमट करून लाव, आणि लावल्यावर लगेच पापड वाळत घालायला माळवदावर चढू नकोस. तिच्या यजमानांचा, मानसिंगरावांचा, दमा पावसाळ्यात डोकं वर काढतो. ते दवाखान्यात कंपाउंडर असून स्वतः औषध घेत नाहीत. हलवायाच्या घरी लाडू नसायचे, तसं ते आहे. घरून, हाटपिपल्याहून, काही कळलं का? तुझ्या बापाची पाठ काय म्हणते? शिवणयंत्रावर वाकून वाकून गणपतचा पार आकडा झाला आहे. आईचे डोळे? धाकट्याची खरूज? म्हैस व्याली का? मी ठीक. एक दात कमी झाला, पण तो तसाही काही कामाचा नव्हता.

आता मुख्य गोष्ट. तू देवासला आत्याकडे राहून हायस्कुलात गेलीस. नववी म्हणजे हायस्कुलाची पहिली पायरी असं मानसिंगराव लिहितात. आपल्या घराण्यात हायस्कूल आतून पाहिलेलं कुणी नाही. बाहेरून मी इथलं पाहिलं आहे. इमारत चांगली आहे.

गणपतनं मला, सख्ख्या चुलत्याला, तोंडावर सांगितलं आहे. "काका, तुम्ही म्हणता म्हणून पाठवतो. पण शाळेतून एक जरी शिकायत आली, तर पोरगी घरी, आणि बागलीचं स्थळ आहेच." बागलीचा मुलगा मी पाहिलेला नाही. तेलाचा घाणा आहे म्हणे. वाईट काही नाही, पण घाण्याचा बैल आणि घाण्याची सून यांत फरक थोडाच.

तेव्हा शिकायत येता कामा नये. ती विद्या माझ्याजवळ आहे. मी चोपदार. दरबाराच्या दारात दांडा घेऊन उभं राहायचं, आला त्याचं नाव खड्या आवाजात पुकारायचं, आणि बाकी वेळ भिंत व्हायचं. संस्थान मध्यभारतात विलीन झालं त्या दिवसापर्यंत माझ्याविरुद्ध एक शिकायत नाही. मी शाळेत गेलो नाही. वाचायला शिकलो ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरून. त्यामुळे मला पुष्कळ बातम्या माहीत आहेत, पण एकीचाही शेवट माहीत नाही. पण दरबार मला माहीत आहे, आणि हायस्कूल म्हणजे दरबारच. वर एक जण बसलेला, खाली बाकीचे.

सगळ्यांत मोठा नियम हा: एकदा विचारलं तर बोलू नये. पहिलं विचारणं हे मानकऱ्यांसाठी असतं. त्यांच्या आधी तोंड उघडणारा उथळ ठरतो. नजर खाली ठेवायची आणि थांबायचं. दुसऱ्यांदा विचारलं, की ते आपल्याला. मग थोडक्यात, स्पष्ट. बसायचं मागे, भिंतीशी. पुढच्या जागा ठरलेल्या असतात. आणि बाहेर पडताना गादीकडे पाठ करायची नाही, मागे सरत जायचं.

शाळा थोरल्या पातीच्या हद्दीत आहे की धाकट्या, ते कळव. देवासला एका रस्त्यावर दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. मुजऱ्याची पद्धत दोन्हीकडे वेगळी होती.

दुधात खारीक घालून घे. उत्तर धाड.

तुझा
उदाजी आजोबा

*

देवास
ता. १९ जुलै १९५३

ती. आजोबांना सुमंगलाचा नमस्कार.

आत्याबाईंचा गुडघा तसाच आहे. तेल लावतात आणि लगेच वर चढतात. मानसिंगराव खोकतात, पण म्हणतात की हा खोकला दम्याचा नाही. म्हैस व्याली, पाडी झाली. माझी मराठी चुकली तर हसू नका. इथं सगळं हिंदीत आहे. इतिहास पण हिंदीत आहे, आणि त्यात आपली नावं वाचताना कुणी दुसरीच माणसं वाटतात.

पातीचं मी बहनजींना (इथं बाईंना बहनजी म्हणतात) विचारणार होते, पण आधी आपण तर बोलायचं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आता पाती फक्त कांद्याला असते, सगळं मध्यभारत आहे."

मी मागच्या बाकावर बसते. तिथं कुणीच बसत नाही, कारण वर कौल फुटलेलं आहे. मी थोडी सरकून बसते.

गणिताच्या बहनजींनी पहिल्या आठवड्यात मला उभं करून एक हिशेब विचारला. मला येत होता. मी नजर खाली ठेवली आणि थांबले. त्यांनी पुढच्या मुलीला विचारलं. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या बहनजींनी नर्मदा कुठून निघते ते विचारलं. मी थांबले. त्यांनी पण पुढच्या मुलीला विचारलं. आजोबा, इथं दुसऱ्यांदा कुणी विचारतच नाही. किती थांबायचं असतं?

बड़ी बहनजींच्या खोलीत हजेरीचं पुस्तक पोचवायला गेले होते. त्या म्हणजे इथल्या मुख्य. आपण सांगितलं तशी मागे सरत बाहेर पडले. दाराशी शिपाईण सीताबाई पाण्याची घागर घेऊन येत होती. घागर पितळेची होती, त्यामुळे फुटली नाही.

मुलींनी मला एक नाव दिलं आहे. ते मग कधीतरी लिहीन. बाकी ठीक आहे.

आपली नात
सुमंगला

*

धार
ता. २ ऑगस्ट १९५३

चि. सुमंगला हिला आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीन घरांत वाचून दाखवलं. पाडीचं नाव काय ठेवलं? भवानीला सांग, चढायचंच असेल तर खाली उतरल्यावर तेल लाव.

पोरी, पहिल्या महिन्यात पदवी! मला "अदबदार" म्हणायला दरबाराला अकरा वर्षं लागली. कुठली पदवी ते सविस्तर कळव. तुझ्या लाजण्यावरून मोठी दिसते.

दुसऱ्यांदा विचारत नाहीत यानं गांगरू नकोस. ही पारख चालली आहे. सराफ सोनं कसोटीवर घासतो तेव्हा सोन्यानं बोलायचं नसतं. किती थांबायचं असतं हे तू विचारतेस. न थांबलेल्याचं काय होतं ते ऐक. एकदा दरबारात आंब्यांची टोपली आली. थोर पाहुण्यांनी फोड तोंडात टाकली आणि सहज म्हणाले, "कसा आहे आंबा?" सगळे मानकरी गप्प. एक नवा कारकून होता, तरणा, हुशार, त्याच्या अंगात उत्साह मावत नव्हता. तो पटकन म्हणाला, "आंबट आहे." टोपली पाहुण्यांच्याच बागेतली होती. पुढच्या आठवड्यात त्याची बदली डहीला झाली. धारपासून डही म्हणजे त्या वेळी बैलगाडीनं जाऊन येईतो पोराचं बारसं उरकायचं. संस्थान गेलं, सरकार बदललं, पण तो परत आल्याचं मी ऐकलं नाही.

आंबा खरंच आंबट होता. मी साल चाखली होती. पण मला दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही, आणि मी डहीला गेलो नाही.

तेव्हा धीर धर. घागर फुटली नाही हा शुभशकुन समज. मागे सरताना उजव्या खांद्यावरून किंचित तिरपं पाहायचं असतं, ते सांगायचं राहिलं होतं. कौलाखाली बसत जाऊ नको, सर्दी होईल. पण पुढेही येऊ नको.

काही अडचण तर नाही ना? उत्तर लौकर दे.

उदाजी आजोबा

*

देवास
ता. ३० ऑगस्ट १९५३

ती. आजोबांना नमस्कार.

सगळे ठीक आहेत. पाडीचं नाव अजून ठेवलं नाही. पाऊस पुष्कळ आहे, टेकडीवर जायला वाट निसरडी आहे. पदवीचं विशेष काही नाही. पुढच्या महिन्यात तिमाही परीक्षा आहे. लिहायची आहे, बोलायची नाही, त्यामुळे काळजी नाही.

मुली मला खेळायला घेत नाहीत, पण त्यामुळे मधल्या सुट्टीत अभ्यास होतो.

तिरपं पाहण्याचं जमतं आहे.

सुमंगला

*

देवास
ता. ६ ऑक्टोबर १९५३

ती. काकांस भवानीचा नमस्कार.

पत्र मानसिंगराव लिहीत आहेत, राग माझा आहे. त्यांना मी बजावलं आहे की एक शब्द गाळायचा नाही.

गुडघ्याचं विचारू नका. तेल संपलं.

काका, तुम्ही पोरीला काय शिकवलंत? तिमाहीत तिला गणितात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क आले. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. तर गणिताच्या बहनजी म्हणाल्या, की जिनं तीन महिने तोंड उघडलं नाही, साधा पाढा विचारला तर जमिनीकडे बघते, तिला हे येईल कुठून? नकल केली. शेजारणीचं पाहिलं म्हणावं, तर शेजारी कुणी बसतच नाही. ही एकटी गळक्या कौलाखाली. म्हणून आता म्हणतात, चिठ्ठ्या आणल्या असतील. पोरीला विचारलं, "नकल की?" एकदाच विचारलं. पोरगी गप्प उभी राहिली. झालं. कबूल केल्यासारखंच झालं.

हे मला घरात कुणी सांगितलं नाही. सीताबाई शिपाईण आपल्याकडची, साताऱ्याची, तिनं भाजीच्या गाडीपाशी सांगितलं. पोरीला घरी येऊन धरलं तेव्हा रडली. म्हणाली, "आजोबांना लिहू नका, त्यांना वाईट वाटेल." आणि तुमची ती पदवी! गावभर जिचे लाडू वाटलेत ती पदवी "गूंगी रानी" आहे. मुकी राणी, काका.

आता ऐका. दसऱ्याच्या सुटीआधी, १४ तारखेला, बड़ी बहनजींनी पालकांना बोलावलं आहे. त्यांच्यासमोर पोरीला तोंडी विचारणार. जमलं तर ठीक, नाही तर नाव काढणार आणि हाटपिपल्याला कागद जाणार. कागद गेला की गणपत बागलीला निरोप धाडणार, तो शब्दाचा पक्का आहे, मेला.

मानसिंगराव जाणार नाहीत, अधिकारी दिसला की यांचा दमा उठतो (हे मी लिहायला तयार नव्हतो. मा.). मी गेले तर भांडेन, आणि तेही मराठीत. तुम्ही लावलेली गाठ आहे, तुम्हीच या आणि सोडवा. दरबार बुडाल्याला पाच वर्षं झाली, आता पोरीची शाळा बुडवू नका.

जेवायला काय करू ते कळवा.

भवानी

*

धार
ता. ९ ऑक्टोबर १९५३

चि. सुमंगला हिला आशीर्वाद.

भवानीचं पत्र पोचलं. अक्षर मानसिंगरावांचं असूनही राग नीट वाचता आला.

माझा नियम चुकीचा नाही. जागा चुकली. दरबारात विचारणारा एक आणि उत्तरासाठी टपलेले पन्नास, म्हणून तिथं गप्प राहणाऱ्याला किंमत. शाळेत विचारतात ते पोराला येतं का हे बघायला, असं आता भवानीच्या पत्रावरून दिसतं. इमारत बाहेरून पाहून हे कळण्यासारखं नव्हतं.

बाळ, मला का लिहिलं नाहीस? काही अडचण नाही ना, असं मी विचारलं होतं. एकदाच विचारलं होतं, हे खरं.

मी १३ ला निघतो. इंदूरला मोटार बदलून संध्याकाळी पोचेन. १४ ला बड़ी बहनजींनी विचारलं, की लगेच बोल. मानकरी गेले खड्ड्यात. घसा बसू नये म्हणून तोवर दही खाऊ नको.

भवानीला सांग, पिठलं-भाकरी कर.

उदाजी आजोबा

*

देवास
ता. २१ ऑक्टोबर १९५३

ती. आजोबांना सुमंगलाचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचलात का? मोटारीत पाय सुजले असतील. आत्याबाई म्हणतात, कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवा, आणि लगेच चालू नका. मानसिंगरावांनी बाटली धाडली आहे, ती हलवून प्यायची. बाबांची पाठ बरी आहे. ते दसऱ्याला इथं आले होते. ते शेवटी लिहिते.

शाळेतून निघाल्यावर तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. "चल, मोटार चुकेल," एवढंच म्हणालात. आत्याबाई म्हणाल्या, चोपदारानं आत काय झालं ते विचारायचं नसतं. म्हणून मीच लिहिते.

तुम्ही अंगरखा आणि लाल पगडी घालून आलात तेव्हा सीताबाई म्हणाली ना, "बाबा, रामलीला मैदान में है," तेव्हा मला वाटलं होतं की तुम्ही रागावाल. तुम्ही "हो का" म्हणालात आणि दाराशी उभे राहिलात. खुर्ची दिली तर तिच्या शेजारी उभे राहिलात. आतून मला तुमची सावली फरशीवर दिसत होती.

बड़ी बहनजी म्हणाल्या, आधी मुलगी, पालक नंतर. गणिताच्या बहनजी तिथंच होत्या. पहिला प्रश्न विचारला. मला येत होता. आजोबा, मी बोलणारच होते, दही पण खाल्लं नव्हतं. पण आवाज निघाला नाही. तीन महिने दाबून ठेवला, तो बोलावल्याबरोबर कसा येणार? गणिताच्या बहनजी म्हणाल्या, "देखिए. यही करती है."

बड़ी बहनजींनी चष्मा काढला. म्हणाल्या, "बेटी, मेरे यहाँ दोबारा नहीं पूछा जाता. लड़कियाँ बहुत हैं, घंटा छोटा है."

ते ऐकून मला काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले. पण मराठीत. सगळं सांगितलं. पहिलं विचारणं मानकऱ्यांसाठी असतं ते, कौलाचं, आंब्याचं, तो कारकून डहीहून परत आला नाही ते. थांबताच येईना. दोघींना एक अक्षर कळलं नाही. बड़ी बहनजींनी सीताबाईला आत बोलावलं आणि विचारलं, "क्या कह रही है?" सीताबाई म्हणाली, "बेनजी, इसके दादा ने कहा है कि एक बार पूछने पे नहीं बोलना. बोलने से आदमी जंगल में भेजा जाता है. वो बाहर खड़े हैं, रामलीलावाले."

बड़ी बहनजी उठून दारापर्यंत आल्या. पडदा जरा बाजूला करून तुमच्याकडे बघत राहिल्या. तुम्ही समोर बघत होतात, तुम्हाला कळलं नसेल. मग येऊन बसल्या आणि हसल्या पण नाहीत. म्हणाल्या, "अच्छा. तो अब हिंदी में."

मग विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. परीक्षेतलं सगळं सांगितलं, फळ्यावर करून पण दाखवलं. फळ्याकडे तोंड केलं की त्यांच्याकडे पाठ होते, मी केली. मग त्यांनी एक असलं काही विचारलं, की मी कधी ऐकलंच नव्हतं. मी लगेच म्हणाले, "नहीं आता."

गणिताच्या बहनजीच म्हणाल्या, "यह तो अभी पढ़ाया नहीं."

बड़ी बहनजी म्हणाल्या, "मालूम है. नकल करनेवाली लड़की 'नहीं आता' नहीं कहती. कुछ न कुछ बना के कहती है."

मग पालकांना आता बोलवायला नको म्हणाल्या आणि मला जायला सांगितलं. नाव राहिलं. गणिताच्या बहनजी मला काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आगे बैठो, वहाँ पानी टपकता है." तीन महिन्यांनी त्यांना कौल दिसलं.

आता बाबांचं. आत्याबाईंनी मला शपथ घातली होती की बोलायचं नाही. पण दसऱ्याला सोनं देऊन मी बाबांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी विचारलं, "शिकायत नाही ना?" आणि माझ्या तोंडून लगेच सगळं निघालं. पहिल्याच विचारण्याला. आत्याबाईंच्या हातातली पळी थांबली.

बाबांनी पाटावर बसून ताट पुढे ओढलं. मग म्हणाले, "कागद आला का शाळेचा?"

मी म्हटलं, "नाही."

"मी कागदाचं म्हटलं होतं. तोंडी शिकायतीचं काही ठरलं नव्हतं," असं म्हणाले आणि कढी मागितली. जाताना आत्याबाईंना सांगून गेले, की बागलीवाल्यांना कळवतो, पोरीला अजून वेळ आहे. माझ्यासाठी शिवलेली दोन पोलकी आणली होती. ती त्यांनी आधीच शिवली होती, आजोबा. दोन्ही शाळेच्या रंगाची आहेत.

पत्र लौकर लिहा. पाय कसे आहेत ते लिहा, आणि ठीक नसतील तर ठीक आहेत असं लिहू नका.

सुमंगला

*

धार
ता. २० जून १९५४

चि. सुमंगला हिला आशीर्वाद.

दहावीत गेलीस हे मानसिंगरावांच्या कार्डावरून समजलं. भवानीचा गुडघा, मानसिंगरावांची छाती, गणपतची पाठ, तुझ्या आईचे डोळे, पाडी, सगळ्यांचं एकेक ओळीत कळव. माझे पाय ठीक नाहीत. तू म्हणालीस म्हणून लिहिलं.

एक काम आहे. आमच्या गल्लीतल्या कासाराच्या रुक्मिणीची पार्वती यंदा हायस्कुलात जाते आहे. इथल्याच, त्या चांगल्या इमारतीत. रुक्मिणी पोरीला हाताशी धरून माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, तुमच्या नातीला तुम्हीच तयार केलंत म्हणे, हिला पण चार शब्द सांगा."

मी पगडी काढली, पुन्हा घातली. आणि म्हणालो, "मला माहीत नाही."

रुक्मिणी घाबरली. म्हणाली, "काका, बरं वाटत नाही का? मानसिंगरावांची बाटली आणू?" मी म्हटलं, बरा आहे, पण हायस्कूल मी बाहेरून पाहिलेलं आहे. आतलं जिला माहीत आहे तिच्याकडून मागवून देतो. सत्तरीला आलो, हे तीन शब्द तोंडातून काढायला एवढा वेळ लागला. वाटतं तितके जड नाहीत.

तेव्हा पार्वतीला पत्र लिही. पोरगी भित्री आहे, पण डोळे टपोरे आहेत. मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे मलाही वाचता येईल.

उदाजी आजोबा

*

देवास
ता. २८ जून १९५४

प्रिय पार्वतीस,

आपली ओळख नाही. तुझ्या आईला, बाबांना नमस्कार. तुमच्या गल्लीत सगळे बरे असतील. आजोबांचे पाय कसे आहेत ते तू स्वतः पाहून मला कळव. त्यांचं पत्र आलं आहे, पण तू पण कळव.

पहिल्या दिवशी शाळेत पाणी कुठं आहे ते आधी शोधून ठेव. सगळ्यांत पुढच्या बाकावर बसू नको, तिथल्या मुलींना सारखं खडू आणायला धाडतात. दुसऱ्या बाकावर बस. बसण्याआधी वर बघ.

डबा जरा जास्त ने. कुणीतरी एकटी बसलेली असते. तिच्यापाशी जाऊन बस. ती मुकी आहे असं कुणी सांगितलं तरी बस.

मुली नाव ठेवतील. माझं अजून तेच आहे. आता मी वर्गात बोलायला लागले की मागून म्हणतात, "गूंगी रानी, अब बस कर." मला आवडायला लागलं आहे.

बहनजींनी विचारलं आणि येत असेल तर लगेच सांग. येत नसेल तर तेही लगेच सांग, आणि मोठ्यानं सांग. हळू सांगितलं तर लोक आपल्या मनाचं ऐकतात. सगळ्यांना सगळं येतं असं पहिल्या आठवड्यात वाटतं. तसं नसतं. माझ्या वर्गात पहिली येणारी मुलगी चार महिने घड्याळ न कळता बसली होती. घंटा झाली की उठायची.

हिंदीत इतिहास वाचशील तेव्हा आपली माणसं परकी वाटतील. घरी येऊन आजोबांना तेच मराठीत सांगायला सांग. ते त्यात दोन आंबे आणि एक बदली घालतील, पण परीक्षेला उपयोग होतो.

आणि एक मुख्य. शाळेत चांगलं झालेलं सगळं रोज आजोबांना सांगत जा. ते त्याची पदवी करतील आणि गल्लीत वाटतील; त्यांना बरं वाटतं, आणि तुलाही वाटेल. पण जे वाईट होईल ते त्यांच्यासाठी झाकून ठेवू नको. मी ठेवलं होतं, त्यांना वाईट वाटेल म्हणून. त्यांना वाईट वाटलंच, वर पाय सुजले. सुरुवातीला त्यांना सांगायला जमलं नाही तर मला लिही. मी रागावणार नाही, फार तर आत्याबाई रागावतील, त्या तिकडे पोचत नाहीत.

पहिला आठवडा संपायच्या आत पत्र टाक. नीट चाललं असेल तर एक ओळ पुरे. नसेल चाललं तर मोठं लिही.

तुझी
सुमंगला